खिळ्याला राहिलेली पिशवी

चार दिवस झाले, नळाला गढूळ पाणी येतंय. अगदी चिखल नाही, पण पांढरी बादली भरली की तळ दिसत नाही. दरवर्षी आषाढ सरता सरता हे दोन-तीन आठवडे येतातच. सोसायटीच्या ग्रुपवर सूचना येते, पाणी गाळून, उकळून प्या. खाली कुणी नमस्काराचे हात टाकतं, कुणी विचारतं की टाकी शेवटची कधी धुतली. सतराव्या मजल्यावर मी नळाखाली हात धरून उभी राहते आणि माझ्या नाकात तुरटीचा वास येतो. तुरटीला वास नसतो, असं माझी मुलगी मुग्धा म्हणते. नसेल बाई. मला येतो.

मी मूळची भित्री. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा करणार नाही. लिफ्ट मध्येच अडकेल याची भीती, गॅस चालू राहिला असेल याची भीती, फोन अवेळी वाजला तर भीती आणि बराच वेळ वाजला नाही तरी भीती. आमचे हे म्हणायचे, तुला भ्यायला कारण लागत नाही, नुसती सवड लागते. पण गढूळ पाण्याच्या या दिवसांत मला जी भीती वाटते, तिला कारण आहे. ती सहा वर्षांपूर्वीच्या अशाच दिवसांतली आहे आणि परवापर्यंत मी ती कुणापाशी बोलले नव्हते.

तेव्हा करी रोडची आमची चाळ अजून उभी होती. आता जिथे हा टॉवर आहे, तिथेच. पहाटे पाऊण तास पाणी यायचं आणि त्या पाऊण तासात अख्खा मजला जागा असायचा. मोरीतला निळा ड्रम भरला की सासूबाई, आम्ही त्यांना आई म्हणायचो, दोरी बांधलेला तुरटीचा खडा पाण्यात सोडून गोल गोल फिरवायच्या. ओठ हलत असायचे. आकडे मोजत होत्या की देवाचं नाव घेत होत्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तासाभराने वर निवळ पाणी आणि खाली बोटभर गाळ. आईंच्या मते जगातल्या बहुतेक गोष्टींना तुरटी हा उतारा होता. दाढी करताना कापलं, तुरटी. तोंड आलं, तुरटी. पोर किरकिर करतंय, तुरटी ओवाळून चुलीत टाका.

एकाच गोष्टीला तुरटीची बंदी होती, ती म्हणजे फोरमनचं पाणी; माशाला ती बाधते, असं हे सांगायचे. फोरमन म्हणजे आमचा मासा. ऑस्कर जातीचा, काळा, अंगावर विस्तवासारखे नारिंगी डाग, वीतभर लांब. हे माझगावला गोदीत फिटर होते. मासा काचेला तोंड लावून असा रोखून बघायचा की यांना आपल्या जुन्या फोरमनची आठवण झाली, आणि तेच नाव पडलं. टाकीचं लोखंडी स्टँड यांनी स्वतः वेल्डिंग करून आणलं होतं. खिडकीशी टाकी, टाकीच्या बाजूला भिंतीत खिळा, समोर यांची खुर्ची. संध्याकाळी कामावरून आले की चहा फोरमनसमोर.

आम्ही मालवणी माणसं. मासा दिसला की आधी ताजा आहे का बघणार, मग तो कालवणाचा की तळायचा ते ठरवणार. अशा घरात एक मासा नुसता बघायला ठेवायचा, हे आईंना कधीच पटलं नाही. टाकीपुढून जाताना त्या म्हणायच्या, "ह्येका तळूक घेतलो तर चार माणसांका पुरात." पण श्रावणात आमच्याकडे मासळी बंद झाली, की फोरमनला सुकट घालायचं काम त्याच मागून घ्यायच्या. चिमटीतली सुकट पाण्यात सोडायच्या आणि बोटं हळूच नाकाशी न्यायच्या. मी बघितलं आहे.

यांचं माशावर प्रेम होतं, पण त्याहून जास्त जीव फिल्टरवर होता. फिल्टर म्हणजे पाण्यात बुडालेला एक काळा डबा, आत छोटी मोटार आणि एक स्पंज. टाकीतलं घाण पाणी ओढायचं, स्पंजातून गाळायचं आणि परत सोडायचं. दर दुसऱ्या रविवारी हे तो साफ करायचे आणि त्या वेळी घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. यांच्या हृदयाच्या ऑपरेशनचं ठरलं तेव्हा यांनी मला समोर बसवून सगळं शिकवलं. आधी बटण बंद, प्लग बाहेर. मग लगेच उचलायचा नाही, पाणी ठरू द्यायचं. मग दुधाची पिशवी घ्यायची. लिटरची, वरून सरळ कापलेली, धुऊन वाळवलेली. ती पाण्याखालीच फिल्टरला खालून चढवायची, पायात मोजा चढवावा तशी, वर तोंड मुठीत आवळायचं आणि मगच सगळं मिळून बाहेर काढायचं. पिशवी नसली, तर पंधरा दिवसांची स्पंजात धरलेली घाण उचलता उचलता सगळी टाकीत उतरते. हे म्हणाले, फिल्टर कुणीही साफ करील, पाणी न ढवळता करणं हीच कारागिरी.

पुढचं तर मला अजिबात पटेना. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं आणि त्यात दोन-तीनदा दाबून सोडायचा, बस. साबण नाही, घासणं नाही. नळाच्या पाण्यातलं औषध त्या स्पंजात वाढलेले जीव मारतं आणि ते जीवच पाणी राखतात, असं हे सांगत होते. मी कुकरच्या शिट्टीलासुद्धा चिंच लावून घासणारी बाई. थोडी घाण ठेवली तरच पाणी चांगलं राहतं, हे मला कळलं पण मनाला लागू पडलं नाही. यांनी ते ओळखलं असावं. दोनदा बजावलं, चकाचक करू नकोस.

हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी यांनी चार पिशव्या धुऊन खिळ्याला अडकवल्या. छातीचं हाड जुळेपर्यंत दोन महिने वाकायला बंदी, म्हणजे चार वेळा फिल्टर, म्हणून चार पिशव्या. एक वापरली की टाकून द्यायची, वास मारते. औषधांच्या चिठ्ठ्या, विम्याचे कागद, दिराचा नंबर, हे सगळं मी धडपडत गोळा केलं होतं. यांनी स्वतःहून तयारी केली ती एवढीच.

पहिली पिशवी नीट वापरली गेली. हात कोपरापर्यंत पाण्यात, फोरमन माझ्या मनगटाला थोबाड घासतोय आणि माझे डोळे गच्च मिटलेले. तरी जमलं. मी लगेच फोन लावला. ऑपरेशन साखरेमुळे चार दिवस पुढे गेलं होतं, त्यामुळे हे नुसते पडून होते. पाणी ढवळलं का, विचारलं. नाही म्हटल्यावर केवढे खूश झाले. माझा शाळेत कधी नंबर आला नव्हता, तो त्या दिवशी आला असं वाटलं.

मग ऑपरेशन झालं. चांगलं झालं म्हणाले. तिसऱ्या दिवशी ताप आला, छातीत कफ धरला आणि काढलेली श्वासाची नळी पुन्हा घशात घातली. त्या आठवड्याचं माझ्याकडे धड काही उरलेलं नाही, तुकडे आहेत. करी रोडवरून परळला मी चालत जायची, कारण एका जागी बसवत नव्हतं. वाटेत गणपतीचे कारखाने, निळ्या प्लास्टिकखाली ओळीने मूर्ती. रंगाचा उग्र वास. अंग रंगवून झालेलं, पण डोळे अजून आखायचे होते. एरवी मी तिथे हात जोडते. त्या आठवड्यात बिनडोळ्यांच्या त्या रांगेकडे मला बघवेना, मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जायची. काचेच्या दारातून यांना पाच मिनिटं बघायचं. नळ्या, यंत्रं, एक पाणी उकळल्यासारखा आवाज. घरी आले की टाकीजवळही तसाच बारीक आवाज, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन बसायची.

शनिवारी समोरच्या तावडेवहिनी डबा घेऊन आल्या. माणूस प्रेमळ, पण जिभेला विसावा नाही. टाकीकडे बघत म्हणाल्या, घरात मासा आहे ना, मग घाबरू नकोस. त्यांच्या बहिणीकडे प्रभादेवीला असाच मासा होता. मुलाचा अपघात झाला, बाइकचा चेंदामेंदा, मुलाला खरचटलंसुद्धा नाही. घरी येऊन बघतात तर मासा पालथा.

"घरावर येतं ते मासा आपल्या अंगावर घेतो," त्या म्हणाल्या. "मेला तर रडायचं नाही. सुटलो म्हणायचं."

हे मी आधीही ऐकलं होतं. बहुतेकांनी ऐकलेलं असतं. आमचे हे तर त्यावर हसायचे, मग विमा कशाला काढायचा, मासेच पाळू, म्हणायचे. पण त्या संध्याकाळी मी टाकीपुढे खुर्ची ओढून बसले, यांच्या खुर्चीत, पहिल्यांदाच. फोरमन काचेशी आला, माझ्याकडे बघत राहिला. आठवडाभर मी भीत होते की हा मेला तर अपशकुन होईल. आता त्याला धडधाकट बघून माझ्या मनात आलं, हा असा ठणठणीत का आहे. आणि मग मला स्वतःचीच भीती वाटली. अशी त्याआधी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी फिल्टरचा रविवार होता. प्लग काढला. पाणी ठरू दिलं. बादलीत पाणी काढलं. खिळ्याला तीन पिशव्या होत्या. मी त्या बघितल्या, आणि तशाच राहू दिल्या. हात पाण्यात घातला आणि फिल्टर सरळ वर उचलला.

घाईत विसरले, असं मी पुढे स्वतःला शंभरदा सांगून पाहिलं. मनाची स्थिती अशी होती, झोप नव्हती, कोण लक्षात ठेवतं पिशवी. सगळं खरं आहे. पण पिशव्या मी बघितल्या होत्या, हेही खरं आहे.

फिल्टरखालून काळी धार सुटली. आधी धुरासारखी, मग सगळीकडे. दोन मिनिटांत फोरमन दिसेनासा झाला, नुसते नारिंगी डाग मधूनच दिसायचे. मग तो वर आला. तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करायला लागला, कल्ले फाकलेले. आवाज येत होता त्याच्या तोंडाचा, बारीक, चप चप. आणि मला काचेच्या दारापलीकडचे हे दिसले. सुटलो बिटलो काही वाटलं नाही. एवढंच वाटलं की कुणीतरी श्वासासाठी तडफडतंय आणि ते मी केलंय.

आई मोरीतून आल्या. टाकी बघून त्यांच्या लक्षात आलं आणि दुसऱ्या क्षणी त्या तुरटीचा खडा घेऊन उभ्या. "फिरवतंय मी. सगळो गाळ तळाक बसतलो." खडा पाण्याला टेकणार, तेवढ्यात मी त्यांचं मनगट धरलं. इतकं घट्ट की दुसऱ्या दिवशी वळ होता. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आईंना मी कधी असा हात लावला नव्हता. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि खडा खाली ठेवून पाण्याचा मग घेऊन माझ्या शेजारी बसल्या.

नळाचं औषध उडून जावं म्हणून खाटेखाली यांनी दोन बादल्या पाणी नेहमी मुरत ठेवलेलं असायचं. आम्ही दोघी मगाने घाण पाणी काढत होतो, चांगलं सोडत होतो. एकदम नाही, थोडं थोडं, हेही यांनीच सांगून ठेवलेलं. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात दाबून फिल्टर परत लावला. फोरमन कुशीवर झाला होता. आई त्याच्याशी मालवणीत काहीबाही बोलत होत्या, आजारी पोराशी बोलावं तसं. दुपारचे अडीच वाजले असतील, फोन वाजला. मुग्धाचा होता, हॉस्पिटलातून. माझा हात ओला होता, फोन दोनदा निसटला. ती रडत होती, त्यामुळे आधी मला उलटच वाटलं. नळी काढली, म्हणत होती. बाबा आपले आपण श्वास घेतायत.

चारच्या सुमाराला फोरमन सरळ झाला. आईंनी देवापुढे साखर ठेवली. तावडेवहिनी म्हणाल्या, बघ, माशाने निम्मं घेतलं. सगळे हसले, मीही हसले. पण मी एक देवाणघेवाण करायला गेले होते आणि ती कुणीतरी ऐकली होती, हे माझ्या मनात तळाशी जाऊन बसलं. योगायोग असतो, मला कळतं. मी अडाणी नाही. तरी अजूनही गढूळ पाणी आलं की तो तळ ढवळतो.

दहा-बारा दिवसांनी हे घरी आले. आल्या आल्या टाकीपुढे बसले, छातीला उशी धरून. बराच वेळ बघत होते. छान ठेवलंस, म्हणाले. नजर खिळ्याकडे गेली होती का, ते मी बघितलं नाही.

आई आता नाहीत. चाळ गेली, टॉवर आला, टाकी सामानाच्या टेम्पोत माझ्या मांडीवर बसून आली आणि फोरमन बादलीत. इथेही यांनी टाकीशेजारी तसाच खिळा ठोकला. तो म्हातारा झालाय. एका डोळ्यावर पांढरट पडदा आलाय, सुकट शोधायला वेळ लागतो. हेही थकले. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की झडप बदलावी लागेल, छाती परत उघडावी लागेल. यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, घरी येऊन फोरमनपुढे बसले. मला वाटलं, गेल्या वेळेसारखेच धीराचे आहेत.

परवा शुक्रवारी दुपारी हे पिशव्या धूत होते. मी जवळ गेले. का कोण जाणे, सहा वर्षांचं ओझं त्या घडीला अगदी नकोसं झालं. म्हटलं, गेल्या वेळी एकदा मी पिशवी घातली नव्हती.

"माहीत आहे," हे म्हणाले. "चार ठेवून गेलो होतो. मध्ये फिल्टरचे दोन रविवार गेले, आलो तेव्हा तीन होत्या."

नळ चालू होता. गढूळ पाणी पिशवीवरून वाहत होतं. यांनी ते बंद केलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "या वेळीही घालू नकोस."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांचे हात दिसले. आयुष्यभर पाने-हातोडे चालवलेले हात, एवढीशी प्लास्टिकची पिशवी त्यांना धरता येत नव्हती. विम्याऐवजी मासेच पाळू, असं म्हणून हसणारा माणूस. तीस वर्षं या घरात भ्यायचं काम एकट्या माझ्याकडे होतं, त्यात यांनी कधी वाटा घेतला नव्हता. मी नळ बंद केला आणि बरं म्हटलं.

काल यांना दाखल केलं. मुग्धा जवळ आहे. उद्या सकाळी आठ वाजता आत घेतील.

आज रविवार. मी प्लग काढला, पाणी ठरू दिलं आणि खिळ्यापुढे उभी राहिले. किती वेळ, ठाऊक नाही. पिशवी घातली आणि उद्या काही झालं, तर मी कुणाला काय सांगू? आणि नाही घातली, तर ती चप चप मला पुन्हा ऐकावी लागेल. फोरमन त्याच्या एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता. त्याला हे काही माहीत नाही, त्याचा यात काही संबंध नाही, त्याने कुणाचं काही अंगावर घ्यायचं कबूल केलेलं नाही. मी पिशवी काढली. पाण्याखाली चढवली, तोंड आवळलं, उचललं. एक कण खाली सांडला नाही. इतकं नीट मला कधीच जमलं नव्हतं.

बारा वाजता यांचा फोन आला. जेवलीस का, औषधांची फाईल कुठे ठेवलीस, असं आधी इकडचं तिकडचं. मग मुद्द्यावर आले.

"फिल्टर झाला?"

"झाला."

"पाणी?"

"ढवळलं," मी म्हटलं. "बरंच."

पलीकडून त्यांनी सोडलेला श्वास ऐकू आला, लांब, कधीचा धरून ठेवलेला. बिचारा, एवढंच म्हणाले, आणि आता जरा झोपतो म्हणून फोन ठेवला. झोपू देत. जागं राहून भ्यायचं काम आता माझ्याकडे आहे आणि मला त्याची सवय आहे.

मी यांच्या खुर्चीत बसले आहे. पाणी इतकं स्वच्छ आहे की टाकीतून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं. उद्याच्या तारखेवर फोरमन येऊन थांबलाय, आणि मी त्याला हाकलत नाही.